दोन डोळ्यांची कांडी

"मावशी, तो भारा आत सरकवा. लोकायच्या पायात येऊन राह्यला," कंडक्टर म्हणाला.

बेबीनंदाने भारा दोन्ही पायांमध्ये ओढून घेतला. हत्तीगवताच्या बोटाएवढ्या जाड कांड्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या.

"ऊस हाय का?" शेजारच्या बाईने विचारलं.

"न्हाई. घास हाय, म्हशीचा."

"मंग भोकरदनला कामून नेऊन राह्यल्या?"

"ज्यानं देल्ता, त्याला द्यायला," बेबीनंदा म्हणाली.

नवरा गेला तेव्हा तिच्याकडे जमीन नव्हती. एक म्हैस होती आणि कडेवर लेक, प्रियदर्शनी. त्या वर्षी पाऊस झालाच नाही. म्हैस आटली. परवा व्यापारी घेऊन जाणार असं ठरलं होतं, आणि नेमका तिचा खूर सुजला. जनावरांच्या दवाखान्यातले ड्रेसर साहेबराव गावात आले होते. सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. त्यांनी खूर धुतला, पट्टी बांधली, रिकाम्या गव्हाणीकडे पाहिलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. मोटारसायकलला कांड्यांचा भारा बांधलेला. हापशाचं सांडपाणी वाहून जायचं तिथे स्वतः कुदळ घेऊन त्यांनी ओळ लावली. "एक डोळा मातीत, एक वर," कांडीवरच्या गाठी दाखवत ते म्हणाले. "म्हैस इकू नको. थोडी कळ काढ."

व्यापाऱ्याला तिने परत पाठवलं. चार महिने शेजाऱ्यांकडून कडबा मागून काढले. मग गवत माथ्याच्या वर गेलं. कापलं की पुन्हा फुटायचं. उन्हाळ्यातही हापशाच्या ओलीवर हिरवंगार राहायचं. म्हैस व्याली, मग तिची पारडी मोठी होऊन व्याली. दुधावर घर चाललं, प्रियदर्शनी नर्सिंग शिकली. मागच्या महिन्यात ती जालन्याच्या दवाखान्यात लागली. पांढऱ्या कपड्यांतल्या लेकीला पाहून आल्यावर बेबीनंदाच्या मनात आलं, त्या माणसाला आपण कधी काही बोललोच नाही. त्यांची बदली झाली, ते रिटायर झाले, तेही लोकांकडूनच कळलं होतं.

भोकरदनच्या घराचं दार त्यांच्या सुनेने, भावनाने उघडलं. साहेबराव पुढच्या खोलीत खाटेवर होते. लकव्याने उजवी बाजू गेलेली.

"बाबायला आता कोणी ओळखू येत न्हाई बराबर," भावना हळूच म्हणाली.

बेबीनंदा खाटेजवळ खाली बसली. "जय भीम, डॉक्टर. मी धावड्याची बेबीनंदा. हापशापाशी तुमी घास लावून देल्ता."

त्यांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. "कोन्ता हापसा?"

तिने म्हशीचं सांगितलं, खुराचं सांगितलं, लेकीचं सांगितलं. त्यांची मान हळूहळू हलली.

"लई जनायला देल्ता," ते अडखळत म्हणाले. "तू... याद न्हाई."

तिला क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, अशा किती गव्हाणी त्यांनी भरल्या असतील, तेव्हाच तर एक आठवत नाही. आतापर्यंत कसंबसं धरून ठेवलेलं पाणी तिच्या डोळ्यांतून वाहू लागलं. तिने पदराने तोंड पुसलं. "तुमाला नसू द्या. मला हाय."

भावनाने शेळी पाळली होती. मोरीचं पाणी मागच्या अंगणात जात होतं. भारा सोडून दोघींनी तिथे माती उकरली. भावना कांडी सरळ उभी खोचू लागली.

"तिरपी," उघड्या मागच्या दारातून, खाटेवरून आवाज आला. "तिरपी लाव, पोरी."

भावनाचा हात थांबला. "कवापासून इतकं साफ बोलले नव्हते," ती म्हणाली.

दोघींनी खाट उचलून मागच्या दाराशी आणली. मग साहेबराव डाव्या हाताने दाखवत राहिले: इथं दाट झालं, तिथं अंतर सोड, माती दाब. बेबीनंदा प्रत्येक वेळी "व्हय डॉक्टर" म्हणत होती.

चहा पिऊन ती निघाली. भावना म्हणाली, "जल्दी जा मावशी, गाडी लागली असंल."

"ए बाई," साहेबरावांनी हाक मारली. तिचं नाव अजून त्यांना सापडलं नव्हतं. त्यांनी ओळीच्या टोकाकडे बोट केलं. "तिकडं पाणी पोचलं न्हाई."

बेबीनंदाने घातलेली चप्पल काढली, पदर खोचला आणि बादली भरून घेतली.