कचराबंडी आणि पाचवा टाक

मी एक जुनी कचराबंडी आहे. नाक दाबू नका मित्रांनो, आज माझ्यात काहीही नाही. मला धुऊन एका मोठ्या अंगणात उभं केलं आहे आणि माझ्या दोन्ही बाजूंना माझ्यासारख्याच तीनचाकी उभ्या आहेत. आम्ही सगळ्या भंगाराच्या ट्रकची वाट बघतो आहोत. तुमच्याकडे बंडी अंगात घालतात, आमच्या हैदराबादेत मात्र गाडीला बंडी म्हणतात. गल्लीतली तेलुगू मुलं मला 'चेत्ता बंडी' म्हणायची. चेत्ता म्हणजे कचरा. मला त्याचा राग यायचा नाही, कारण कचरा त्यांचाच होता.

माझा जन्म मलकपेठेतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. मागे दोन चाकं, पुढे एक, मध्ये पत्र्याची चौकोनी पेटी आणि अंगभर हिरवा रंग. पहिल्याच दिवशी मला गंगूच्या ताब्यात दिलं. गंगू देगलूरकडची. लग्न होऊन या शहरात आली आणि नल्लकुंट्याच्या गल्ल्यांमध्ये कचरा गोळा करायला लागली. सोळा वर्षं तिने माझे पॅडल मारले. माझी चेन उतरली की ती मला शिव्या द्यायची, आणि चेन बसली की सीटवर थाप मारायची. त्या थापेसाठी मी कधीकधी मुद्दाम चेन उतरवत असे, हे आज कबूल करते.

गंगूची कामाची एक रीत होती. कुणी सांगण्याआधीच तिने जुन्या दाराची फळी माझ्या पेटीत उभी ठोकली होती. एका बाजूला ओलं, दुसऱ्या बाजूला सुकं. आणि हँडलखाली तिने एक लोखंडी हूक लावून घेतला होता. त्या हुकाला फक्त निर्माल्याच्या पिशव्या लटकायच्या. देवाची फुलं खरकट्यात टाकलेली तिला चालत नसत. सगळी गल्ली झाली की ती देवळामागच्या बेलाच्या आळ्यापाशी बसायची आणि एकेक हार, एकेक पान हाताने सोडवायची. दोरा बाजूला, टाचणी बाजूला, मग फुलं आळ्यात. पानांत कधी सुपारी सापडायची, कधी नाणं. एकदा चांदीची छोटी वाटी सापडली, ती दुसऱ्या दिवशी ज्यांची त्यांच्या दारात पोचली.

"निर्माल्य गंगूच्या हातात दिलं की मला घोर नाही," असं त्रिवेणीबाई साऱ्या गल्लीला सांगायच्या. त्रिवेणीबाई आणि हिम्मतराव हे गल्लीतलं जुनं मराठी घर. मूळ शेतकरी, उदगीरकडचे, आता हिम्मतरावांचं नारायणगुड्यात दुकान आहे. त्यांच्या देवघरात पाच चांदीचे टाक होते. टाक म्हणजे देवाची मूर्ती उठवलेला चांदीचा लहान पत्रा. ते त्रिवेणीबाईंच्या सासूने त्यांच्या ओटीत घातले होते आणि सांगितलं होतं, हे तुझे नाहीत, पुढच्या सुनेचे आहेत, तू फक्त सांभाळ.

मग या वर्षी शहराने कचरा नेण्याची पद्धत बदलली. आता मोटारीवर चालणारी ऑटो येणार होती. तिला ओल्याचा, सुक्याचा आणि घातक कचऱ्याचा असे तीन कप्पे, वर भोंगा, भोंग्यात स्वच्छतेचं गाणं. सगळ्या बंड्या जमा करायच्या होत्या. ऑटोचा ड्रायव्हर विजय, आणि मदतनीस म्हणून गंगूचं नाव लिहिलं गेलं. पण ते कच्चं नाव होतं. पहिल्या महिन्यात एकही तक्रार आली नाही तरच ते पक्कं होणार होतं. गंगूचे गुडघे गेले होते, घरी तिच्यावाचून कमावणारं कुणी नव्हतं. ते नाव पक्कं व्हावं म्हणून ती रोज देवळापुढे थांबून हात जोडायची. मला मात्र त्या ऑटोचा फार हेवा वाटायचा. तिचं काहीतरी बिघडावं असं मी मनात म्हणत होते. लाज वाटते, पण म्हणत होते.

ऑटोचा पहिला दिवस उजाडला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. सणाचा कचरा म्हणजे विचारू नका. गंगूने विजयला म्हटलं की निर्माल्य वेगळं लटकवू. पालिकेच्या सुपरवायझरने नकारार्थी मान हलवली. गाडीला बाहेरून काही लटकवायचं नाही, असा नियम होता. नऊ दिवसांच्या माळा, घटाखालची पानं, सगळं ओल्याच्या कप्प्यात गेलं. गाणं वाजवत ऑटो मलकपेठेपलीकडच्या केंद्राकडे निघाली. तिथे कचरा उतरवतात आणि मोठं यंत्र तो दाबून त्याचा ठोकळा करतं. गंगू गल्लीतच राहिली, कारण मला जमा करण्याच्या कागदावर तिला अंगठा द्यायचा होता.

सुपरवायझरने पेन उघडलं आणि तेवढ्यात त्रिवेणीबाई घाईघाईने बाहेर आल्या.

"गंगू, खंडोबाचा टाक न्हाई. पाच होते, चारच हायेत."

"न्हाई म्हंजे? काल घट उठवताना होता ना, बाई?"

"होता. काल सांजेला देवापुढं तूच आलतीस. मी शिरा आणाया आत गेले तेवढ्यात. दुसरं कुणी आलंच न्हाई."

गंगू दर दसऱ्याला त्यांच्या देवाच्या पाया पडायला जात असे. काल संध्याकाळी मी दारातच उभी होते. ती रिकाम्या हाताने आत गेली आणि शिऱ्याची वाटी घेऊन बाहेर आली. मी पाहिलं होतं, पण माझी साक्ष कोण काढणार?

शेजारच्या खिडक्या उघडल्या. सुपरवायझरने कागद उलटा केला. "क्या है अम्मा? चोरी की कंप्लेंट लिखना क्या?"

त्रिवेणीबाईंनी गंगूकडे पाहिलं आणि नजर वळवली. "बारापर्यंत मिळाला तर ठीक. नैतो लिखो," त्या म्हणाल्या.

साडेनऊ वाजून गेले होते.  मला वाटलं गंगू रडेल. ती रडली नाही. तिने विचारलं, "बाई, टाक पानावरच बसवलेते ना? ती पानं कुठं टाकली?"

"निर्माल्यात. सकाळी तुलाच तर पिशवी दिली."

"मंग पानालाच चिकटून गेला. नऊ दिवस हळदीत बसला की पान वाळून त्याला गुंडाळून घेतं. म्या लई बघितलंय."

तिने विजयला फोन लावला. गाणं चालू असलं की विजयला रिंग ऐकू येत नाही. तीन वेळा लावला. मग तिने माझं हँडल धरलं आणि त्रिवेणीबाईंना म्हणाली, "चला माझ्यासंगं."

"मी कशाला?"

"म्या एकटीनं आणला तर म्हणाल, हिच्याकडंच होता, भ्याली म्हणून आणून दिला. तुमच्या डोळ्यांपुढं सापडू द्या."

त्रिवेणीबाई रस्त्यावर आल्या आणि रिक्षाला हात केला. एक रिक्षा थांबली, कुठे जायचं ते ऐकलं आणि "उधर नक्को" म्हणून निघून गेली. दुसरीनेही तेच केलं. तेव्हा दसऱ्याची नवी साडी नेसलेल्या त्रिवेणीबाई माझ्या पेटीत फळीला टेकून बसल्या. मित्रांनो, सोळा वर्षांत माझ्यात माणूस बसलं ते पहिल्यांदा.

बरकतपुरा गेलं, काचीगुडा गेलं. गंगू उभी राहून पॅडल मारत होती. चादरघाटच्या पुलाच्या चढावर माझी चेन करकरायला लागली. मी तिला सांभाळत होते, अगदी जीव मुठीत धरून. पण पुलाच्या मध्यावर ती उतरलीच. या वेळी मी मुद्दाम नव्हती उतरवली, देवाशपथ. मागून गाड्यांचे हॉर्न वाजत होते. गंगू रस्त्यातच खाली बसली आणि काळ्या बोटांनी चेन चढवू लागली. पहिल्यांदा घसरली, दुसऱ्यांदा घसरली. तिसऱ्यांदा बसली. तिने सीटवर थाप मारली नाही, तेवढाही वेळ नव्हता.

रेसकोर्सच्या भिंतीजवळ त्रिवेणीबाई पहिल्यांदा बोलल्या. "किती वाजले?"

"तुमच्याकडं घड्याळ हाय, बाई," गंगू म्हणाली.

केंद्राच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा विजयची ऑटो रांगेत होती आणि तिच्यापुढे एकच गाडी उरली होती. गंगूने चालत्या बंडीवरून उडी टाकली. "विजय, थांब, थांब!"

"क्या हुआ अक्का?" विजय उतरला. त्याने ऐकून घेतलं आणि लगेच ओल्याचा कप्पा उघडला. "जल्दी देखो. पीछे लाइन है, ये लोग रुकते नै."

गंगू कप्प्यात चढली. भात, साली, चहाचा चोथा, फुटलेले नारळ. कोपरापर्यंत हात घालून ती एकेक पिशवी बाजूला करत होती. त्रिवेणीबाई खाली, पदर नाकाला लावून उभ्या होत्या. पुढची गाडी रिकामी झाली. यंत्र दाबायला लागलं आणि त्याच्या आवाजाने माझी पेटी थरथरली. मागचे ड्रायव्हर ओरडायला लागले.

"ही बघा तुमची पिशवी," गंगू म्हणाली. तिने गाठ सोडली, आत हात घातला आणि एकदम बाहेर काढला. तळव्यातून रक्त वाहत होतं. पिशवीत काच होती. दिव्याची काच. नऊ दिवस तेवलेल्या अखंड दिव्याची काच काल तडकली होती आणि घाईत त्रिवेणीबाईंनी ती निर्माल्यातच टाकली होती. त्यांनी ती ओळखली. त्यांचा पदर नाकावरून खाली आला.

"बाई, अजून हाय खाली, मला दिसंना," गंगू दुसऱ्या हाताने मनगट दाबत म्हणाली.

"चलो, चलो, आगे लो!" कुणीतरी ऑटोच्या पत्र्यावर हात आपटला.

त्रिवेणीबाई ऑटोच्या पायरीवर चढल्या आणि दोन्ही हात त्या पिशवीत घातले. सुकलेल्या माळा, काळ्या पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या, घटाच्या मातीत उगवलेलं पिवळं धान. मग एक पान. ते उलटलं, काही नाही. दुसरं, काही नाही. तिसरं पान पुडीसारखं वळलं होतं. त्यांनी ते सोडवलं. आत हळदीने माखलेला खंडोबा होता.

विजयने कप्पा बंद केला आणि ऑटो पुढे घेतली. पाऊण मिनिटात त्या पिशवीचा ठोकळा झाला. बाराला अजून बराच वेळ होता.

त्रिवेणीबाईंनी साडीच्या पदराची किनार फाडून गंगूच्या हाताला बांधली. "गंगू, माझं चुकलं. मी तुला..."

"हितं नको, बाई," गंगू म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तसा आवाज मी सोळा वर्षांत ऐकला नव्हता. "हितं कोण ऐकतंय? जिथं बोललात तिथं बोला."

गल्लीत परतलो तेव्हा सुपरवायझर निघून गेला होता. माझा कागद राहिला तो राहिलाच, म्हणून त्या रात्री मी गल्लीच्या भिंतीलाच उभी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो आली. गाणं मोठ्याने वाजत होतं, दारोदार बादल्या येत होत्या. गंगू हाताला पट्टी बांधून मागे उभी होती. सुपरवायझरच्या कागदात तिच्या नावापुढे काय लिहिलं जाणार, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

त्रिवेणीबाई दारातून निघाल्या आणि ऑटोपुढे आल्या. सुपरवायझर तिथेच होता. त्यांनी विजयला सांगितलं, "ते गाणं बंद कर."

गाणं बंद झालं तशी गल्ली एवढी शांत झाली की लोक खिडक्यांत आले.

"परवा टाक मीच निर्माल्यात टाकला. गंगूनं काही घेतलं न्हाई. काल मी हितं उभं राहून तिला चोर म्हणाले, म्हणून हितंच उभं राहून सांगते. तिचा हात माझ्या काचेनं कापला." मग सुपरवायझरकडे वळून म्हणाल्या, "लिखना है तो ये लिखो."

सुपरवायझरने तक्रार न लिहिताच पेन खिशात ठेवलं. गंगूने पुढच्या दारातली बादली उचलली आणि ओल्याच्या कप्प्यात रिकामी केली.

मला न्यायला दुपारी गाडी आली. त्याआधी विजयने पान्याने माझ्या हँडलखालचा हूक काढला आणि ऑटोच्या आतल्या बाजूला बसवला. नियम बाहेरून न लटकवण्याचा होता, आतून लटकवण्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. हूक निघताना मला दुखलं, पण मी हलले नाही. जाताना गंगूने बऱ्या हाताने माझ्या सीटवर एक थाप मारली. चेन उतरलेली नव्हती तरी मारली.

तर मित्रांनो, आता माझ्यात पत्रा आणि तीन चाकं एवढंच उरलं आहे. मी वितळले तर वितळले, त्याचं मला काही नाही. ती ऑटो माझ्यापेक्षा बरी आहे, गंगूचे गुडघे तरी वाचतील. पण तुमच्या दारात जी गाडी येते तिच्या मागे कुणाचा तरी हात असतो. काच फुटली तर ती कागदात गुंडाळा, वर काच असं लिहा आणि वेगळी द्या. पान टाकण्याआधी एकदा उलटून बघा. आणि घरात एखादी वस्तू सापडली नाही, तर कुणाचं नाव घेण्याआधी आपल्या हाताने आपलीच पिशवी उघडा.