पडद्यावरच्या लाल रेघा

शाळेच्या संगणक खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना माणसं लटकली होती. टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल रेघा वरून खाली उतरत होत्या आणि कोणीतरी ओरडलं, "रगत! रगत वाहतंय!"

खर्डीपासून बरंच आत आमचं गाव. मी नम्रता, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. सातवीतली गंगी आपलं नाव टाइप करत होती, तेव्हा या रेघा पहिल्यांदा उमटल्या. तिचा बाप नुकताच वीटभट्टीवर तापानं गेला होता. मग काय, बाप पोरीच्या मागं लागलाय, असं तिच्या वाडीवर आणि गावात सगळे बोलू लागले.

भूत उतरवायला मुरबाडकडून साईनाथबुवा आले. "आधी यंत्र बंद करा. देवाला करंट चालत नाय." बुवांनी कॉम्प्युटरच्या डब्याला दोरा बांधला, लिंबू कापलं, ऊद फिरवला. "ओम् कॉम्प्युटराय फट् स्वाहा!" बराच वेळ हे चाललं. मग बटण दाबलं, तर पडदा स्वच्छ! लोकांनी हात जोडले. बुवांनी लगेच गंगीला दारात उभं केलं आणि मंत्र लांबवत नेला. थोड्या वेळानं रेघा परत आल्या.

"बघितला? पोर आली, बाप आला! हिला मिरचीची धुरी द्या. अमावास्येपर्यंत शाळा बंद."

मी मध्ये पडले. पण तिची आई सकुबाई मान खाली घालून म्हणाली, "बाई, तुमी जाशीला बदली होऊन. आमाला हितंच रहायचाय." पोरीचा हात धरून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बुवा पुन्हा आले. शाळा समितीचे अध्यक्ष भरतदादा यांना मी म्हटलं, "आज गंगी वाडीवर आहे. मशीनजवळ बुवांनाच बसू द्या."

मशीन गार होतं. चालू केलं, चित्र स्वच्छ. बुवा मिशीत हसले. आम्ही वाट बघत राहिलो. हळूहळू रेघा आल्या.

"मंग आता बुवांच्या मागं कोण हाय?" मागून कोणीतरी विचारलं. एक दबकं हसू पसरलं.

"पोरीची सावली राहिलीय," बुवा म्हणाले. "बंद करा यंत्र."

"नाही," मी म्हटलं. "चालू ठेवूनच मंत्र म्हणा."

बुवांनी मंत्र म्हटला. आवाज चढवला, घाम पुसला. रेघा हलल्या नाहीत. भरतदादा म्हणाले, "बुवा, बंद केल्याबिगर तुमचा देव येत नाय काय?"

बुवांनी झोळी उचलली.

मी ऑफिसातला दुसरा मॉनिटर आणून जोडला, केबलही बदलली. रेघा तशाच. मशीन बंद करून लगेच चालू केलं, तर विंडोज यायच्या आधीच्या अक्षरांवरही रेघा. म्हणजे बिघाड पडद्यात नाही, प्रोग्रॅममध्येही नाही, डब्यातच होता. डबा उघडला. या जुन्या मशीनमध्ये चित्र काढणारी चिप मुख्य बोर्डावरच असते. तिच्यावरचा, उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा सैल झाला होता आणि धुळीनं भरला होता. चिप तापली की चित्र बिघडायचं, यंत्र बंद ठेवून मंत्र चालायचा तेवढ्यात ती गार व्हायची. शहापूरच्या दुरुस्तीवाल्याकडून जुनं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र काढणारी वेगळी पट्टी, आणून बसवलं, मॉनिटर त्याला जोडला. मशीन संध्याकाळपर्यंत चाललं. एक रेघ नाही.

मी धावतच वाडीवर गेले. धुरी देऊन झाली होती; पोर रडली नाही, असं शेजारणी सांगत होत्या. गंगीचे डोळे सुजून बंद झाले होते. मी तिच्याजवळ बसून सगळं समजावलं. सकुबाई पदर तोंडात धरून ऐकत होती.

गंगीनं हळूच विचारलं, "बाई, म्हंजे माझा बा नव्हता त्याच्यात?"

"नाही गो."

"मला वाटला, तो माझं नाव वाचाया आलाय." आणि धुरीत न रडलेली ती पोर हमसून रडली.

चिपचा दोष समजवायला माझ्याकडे पुरावे होते. इथे मी तिला नुसती जवळ घेतली.

म्हणून हात जोडून सांगते. यंत्र बिघडलं तर यंत्र उघडा. एक वस्तू बदला, मग दुसरी, आणि काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कळत नसेल तर 'कळत नाही' म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण तुमच्या न कळण्यापायी कोणाच्या लेकराचे डोळे जाळू नका.