डावा डोळा झाकून

विजयश्रीच्या आईचे डोळे शुगरने गेले, ते आधी लाल दाखवून. "सगळ्याला गुलाल लागलाय गं," असं आई म्हणाली होती आणि घरातले हसले होते. म्हणून खंडेनवमीच्या सकाळी तळवड्याच्या शेडमध्ये यंत्रपूजेचे फोटो काढताना विजयश्रीने व्ह्यूफाइंडरला उजवा डोळा लावला आणि प्रेस मशीनवर तांबूस धुकं दिसलं, तेव्हा तिने कॅमेरा झटकन खाली घेतला.

हा व्ह्यूफाइंडर तिने वेगळा घेतलेला. चाळिशी लागल्यापासून कॅमेऱ्याच्या मागचा पडदा तिला धड दिसेना, आणि उन्हात तर तो कुणालाच दिसत नाही. काडेपेटीएवढी डबी कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत सरकवायची, डोळा लावायचा, की आत छोट्या टीव्हीसारखं सगळं लख्ख. आज ते लख्ख नव्हतं.

तिने एक फोटो काढला, सावलीत जाऊन चष्म्यातून पडद्यावर पाहिला. स्वच्छ. सासूबाईंनी, म्हणजे सरूबाईंनी, पहाटे पूजेत भिंगाला लावलेलं कुंकूही तिने घरीच पुसलं होतं. म्हणजे कॅमेऱ्यात खोट नाही. म्हणजे खोट कुठे, ते उघडच होतं.

डावा डोळा झाकून नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं. हात दोनदा गालापर्यंत गेला आणि केस सारखे करून खाली आला. रिपोर्ट वाईट येईल म्हणून जिने शुगरच तपासली नव्हती, ती डोळा कसा तपासणार?

"ताई, हार नीट येऊ द्या हं," शेडचा मालक अय्याज म्हणाला. "मग अम्मीचा एक घ्या."

अम्मी म्हणजे नूरबी. दारात खुर्ची टाकून बसली होती. विजयश्री अंदाजानेच बटण दाबत तिच्यापर्यंत आली.

"ही डबी कशाची गं? बघू." नूरबीने कॅमेरा घेऊन डोळा लावला. "या अल्ला, हे तर सगळं लाल."

विजयश्री जवळ सरकली. "तुम्हालापण लाल दिसतंय, खाला?"

"मग काय हिरवं दिसू?" नूरबीने डबीच्या रबरी कडेच्या आत बोट फिरवलं. बोट लाल निघालं. "हे कुणी लावलं?"

"सासूबाईंनी." डबी वेगळ्या पिशवीत असते. सरूबाईंनी तिला वेगळं अवजार धरून कुंकवाचं वेगळं बोट टेकवलं होतं.

"नेम धरून लावलंय बाईने."

विजयश्री तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसली. हसायला गेली आणि डोळे भरून आले. मग आईचं सगळं सांगितलं.

"आणि सकाळपासून एक डोळा झाकून बघितलं नाहीस?"

"धीर झाला नाही."

"झाक आता."

तिने झाकला. नूरबीच्या नाकातली चमकी, झेंडूचा हार, पत्र्यावरचा गंज, सगळं जागच्या जागी.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"आणि शुगर कधी तपासलीस?"

विजयश्रीने पदराने डबीची काच पुसली. फार वेळ पुसली.

"दसरा झाला की माझं रक्त द्यायचंय, उपाशीपोटी," नूरबी म्हणाली. "रिक्षात जागा आहे."

"आधी फोटो काढू द्या, खाला." विजयश्रीने डोळा लावला. आता इतकं स्वच्छ दिसत होतं, की म्हातारी उत्तरासाठी थांबलीय, हेही दिसत होतं.

"येते," ती कॅमेऱ्याआडून म्हणाली, आणि बटण दाबलं.