सोवळ्यातली शपथ

इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळात अध्यक्ष शपथ घेतो म्हटलं की लोक हसतात. हसा बापडे. ही हौस माझ्या सासऱ्यांची, बाबांची. मंडळ त्यांनीच काढलं. टीव्हीवर अमेरिकेचे अध्यक्ष ग्रंथावर हात ठेवताना बघितले आणि म्हणाले, आपल्याकडे का नको? तेव्हापासून दर एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, आमच्या देवघरातली पोथी लाल वस्त्रात बांधून कम्युनिटी हॉलमध्ये जाते. बाबा एकेक वाक्य सांगतात, नवा अध्यक्ष पोथीवर हात ठेवून ते म्हणतो. मग टाळ्या आणि बटाटेवडे.

यंदा अध्यक्ष म्हणून पूर्वी नावाची आमची एक सभासद निवडून आली. नागपूरची, इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि दर शनिवारी मुलांची मराठी शाळा एकटी ओढते. मतं तिला भरभरून पडली. एजीएमच्या आदल्या दिवशी तिचा मला फोन आला.

"देवयानीताई, मला पोथीशिवाय शपथ घेता येईल का गं?"

"न यायला काय झालं?" मी म्हटलं. मागच्याच महिन्यात मी ज्युरीत होते. तिथे प्रत्येकाला अदबीने विचारलं, तुमचा ग्रंथ कोणता, की ग्रंथाशिवाय घेता? अहो, कोर्टात आरोपीला हे विचारतात! मग आमच्या अध्यक्षाला विचारायला काय धाड भरली होती?

पण जेवताना बाबांनी मला उडवून लावलं. "परंपरा आहे. नुसता हात ठेवायला काय जातं तिचं?"

"बाबा, अमेरिकेतसुद्धा ग्रंथाची सक्ती नाहीये."

"तू वाढ," म्हणाले.

शिवाय मावळते अध्यक्ष सतीशराव, त्यांनी रात्री फोन करून पूर्वीला गोड बोलून पटवलं. दोनच मिनिटांचा प्रश्न, कशाला वाद, तुझ्याच वर्षाची सुरुवात बिघडेल. पोरगी भली, कबूल झाली. मला इतका राग आला ना! ज्याला काहीच सोडावं लागत नाही, त्यालाच बरं कळतं की दुसऱ्याने काय सोडावं.

रविवारी हॉल भरलेला. पूर्वी हिरवी साडी नेसून स्टेजवर आली. तिची मुलगी सिया पहिल्या रांगेत फोन धरून शूटिंग करत होती. बाबांनी वस्त्र सोडलं, पोथी पुढे केली आणि माइकवरच म्हणाले, "कुलदैवताचं स्मरण कर आणि हात ठेव."

"काका, आम्ही बौद्ध आहोत," पूर्वी शांतपणे म्हणाली. "कुलदैवत नाही आम्हाला. पण मंडळाचा मान म्हणून ठेवते हात."

तिचा हात पुढे आला आणि बाबांनी पोथी मागे घेतली. छातीशीच धरली म्हणा ना.

"असं होय," ते म्हणाले. "मग हात वरच्यावरच धर हो, टेकवू नकोस. आमची पोथी सोवळ्यातली आहे."

पूर्वीचा हात तसाच अधांतरी राहिला. सियाने फोन खाली केला. सतीशराव आपल्या बुटांकडे बघत बसले. आणि माझं डोकं फिरलं.

मी स्टेजवर चढले. "बाबा, ही पोथी सकाळी देवघरातून कोणी काढली? मी. वस्त्र बदललं मी, गाडीपासून टेबलापर्यंत आणली मी, तुमचा खांदा दुखतो म्हणून. आणि आज माझा पाळीचा दुसरा दिवस आहे. तुमचं सोवळं सकाळीच मोडलंय. आता कोणाला लांब ठेवताय?"

मागून कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. बाबा लालबुंद झाले. त्यांनी पोथी काखेत मारली आणि स्टेजवरून उतरले. "शपथच होणार नाही," म्हणाले. "सांगणारा मी आहे."

"सांगायला मी आहे," मी म्हटलं आणि माइक घेतला. वर्षानुवर्षं ऐकून पाठच झालंय ते. पण "कोणताही भेदभाव न करता सर्व सभासदांसाठी" हे वाक्य आलं तेव्हा माझाच आवाज चिरकला. लाज वाटली मला, आमच्या सगळ्यांची. पूर्वीने मात्र ते स्वच्छ, खणखणीत म्हटलं, उजवा हात वर धरून, रिकामा. अर्धा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. उरलेला अर्धा मोबाइल बघत होता. त्या अर्ध्यांची नावं मला माहीत आहेत.

पूर्वीने खाली उतरून सियाला जवळ घेतलं. "ताई, तुला आता काकांबरोबर घरी जायचंय," ती मला म्हणाली. तिलाच माझी काळजी!

घरी जाताना बाबा माझ्या शेजारी बसले नाहीत. पोथी घेऊन मागच्या सीटवर बसले. चौकातल्या प्रत्येक राउंडअबाउटला मी आरशात बघत होते. एकदाही नजर मिळाली नाही. इतकी वर्षं याच माणसाचं पथ्यपाणी केलंय मी.

संध्याकाळी त्यांच्या इन्सुलिनची वेळ झाली. नवरा कामासाठी ग्लासगोला गेलेला, आणि बाबांना स्वतः टोचून घेता येत नाही, हात थरथरतो. मी सुई घेऊन समोर उभी राहिले.

"हा हात चालेल का, बाबा?"

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग त्यांनी सदरा पोटावरून वर केला.

"टोच," म्हणाले.