ओट्यामागची सहावी टाइल

मी एक जुनी टाइल आहे. पांढरी, वीतभर लांब आणि तेवढीच रुंद. स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीवर, डावीकडच्या कोपऱ्यापासून मोजलं तर सहावी. मित्रांनो, मी काही फार हुशार नाही, हे आधीच सांगते. माझ्या आयुष्यात जे घडलं त्यातलं निम्मं मला तेव्हा कळलंच नाही. उरलेलं निम्मं मी भलतंच समजले.

आधी मी माती होते. मग कुणीतरी मला साच्यात दाबलं, वाळवलं, तोंडाला पांढरा मुलामा दिला आणि भट्टीत ढकललं. हे माझ्या भल्यासाठी चाललं होतं की मला कसली शिक्षा होत होती, ते आजवर उमगलेलं नाही. पुढे आम्ही बाराजणी एका खोक्यात भरल्या गेलो. खोकं उघडलं तेव्हा समोर एक तरुण बाई उभी होती आणि तिच्या कडेवर मूल होतं.

"अगं बाई, अगदी दुधासारख्या आहेत!" ती म्हणाली.

तेवढ्यावर मी तिची झाले.

ती माई. माझ्यावर वाफ आली, तेलाचे शिंतोडे उडाले, पण जेवणं आटोपली की माई ओलं फडकं घेऊन यायची आणि मला लख्ख करायची. "ओटा ठेवावा तर माईंनी," असं आलेगेले म्हणायचे, तेव्हा मी भिंतीवरच फुगायचे.

वर्षं गेली. कडेवरचा मुलगा माईपेक्षा हातभर उंच झाला, त्याचं लग्न झालं, सूनबाई आली. दोघं सकाळी कामावर जायची. स्वयंपाक माईच करायची आणि तो कुणाला करू द्यायची नाही.

मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. माई मला पुसेनाशी झाली. माझ्यावर तेलाचे पिवळे ओघळ सुकले, कडेला काजळी धरली, तरी तिचं लक्षच नाही. मी मनातून खट्टू झाले. पण त्याच सुमारास ती येताजाता माझ्यावरून हात फिरवू लागली. कोपऱ्यापासून निघायची, एकीवरून दुसरीवर बोटं सरकवत यायची आणि माझ्यापाशी थांबायची. आता सांगा, मी काय समजायचं? नकोशी झाले म्हणावं तर ही लाड करते. लाडकी म्हणावं तर अंघोळ घालत नाही.

एका सकाळी वरच्या ओळीतली एक टाइल सुटली आणि थेट चिरलेल्या भाजीच्या ताटात पडली. माई थोडक्यात वाचली. मुलाने त्याच दिवशी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री पिकल्या मिशांचा, कमी बोलणारा. त्याने बोटाच्या पेराने आम्हा एकेकीला ठोकून पाहिलं आणि कान लावला.

"पोकळ बोलतायत. मागे ओल शिरलीय. सगळी भिंत नव्याने करावी लागेल."

मग घरात नमुने यायला लागले. पहिल्यांदा काचेचा आला, हिरवट आणि गुळगुळीत. तो माझ्यावर टेकवून ठेवला, त्यामुळे दोन दिवस मला जग हिरवंच दिसलं.

"एकसलग काच लावायची, माई. सांधा म्हणून नाही. एक फडकं मारलं की स्वच्छ," सूनबाई म्हणाली.

"काच नको. डोळ्यांवर येते," माई म्हणाली.

मग स्टीलचा पत्रा आला. माई म्हणाली, "त्यात तोंड दिसतं. स्वयंपाक करताना कशाला बघायचंय तोंड?" मग काळा दगड आला, भला मोठा, भिंतभर एकच. माई म्हणाली, "छे, विहिरीत उभं राहिल्यासारखं वाटतं."

मुलाचा संयम सुटला. "अगं, मग तुला हवंय तरी काय?"

"आहेत त्या काय वाईट आहेत?"

"त्या पडतायत, माई! तुझ्या डोक्यात पडल्या तर?"

मुलगा बायकोकडे बघायचा, बायको सासूकडे, सासू भिंतीकडे, आणि भिंत म्हणजे मी. मला तर काहीच सुचत नव्हतं. आम्ही पडतोय, कळकट झालोय, तरी हिला आम्हीच का हव्यात?

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मिस्त्री माप घ्यायला आला. कोपऱ्यातल्या पहिल्या दोघी त्याच्या हातातच आल्या. त्या जागी त्याने तात्पुरती एक सपाट फळी ठोकली. माईने त्याला चहा केला. उरलेल्या दुधाचं गरम पातेलं सांडशीत धरून ती परत शेगडीकडे आली. मोकळा हात कोपऱ्यावर ठेवला आणि बोटं सरकवू लागली. फळी, मग एक टाइल, मग दुसरी. तिचे ओठ हलत होते. ते ओठ मी पहिल्यांदाच नीट पाहिले. ती मोजत होती! दोघींच्या जागी एकच फळी आली होती, त्यामुळे सहा म्हणताना तिचा हात माझ्यावरून पुढे सातवीवर गेला. तिथे शेगडी संपत होती. माईने पातेलं ठेवलं, अर्धं शेगडीवर आणि अर्धं हवेत.

मिस्त्रीने तिला दंडाला धरून मागे ओढलं म्हणून बरं. दूध ओट्यावरून खाली धो धो गेलं. आवाज ऐकून मुलगा आणि सूनबाई धावत आली. सूनबाई पुसायला खाली बसली.

"मावशी, तुम्ही टाइल्स मोजता का?" मिस्त्रीने विचारलं.

"काहीतरीच काय."

"मी उभा जन्म डोळे मिटून सांधे तपासत आलोय, मावशी. बोटं कशाला चालतात ते मला कळतं."

सूनबाईचं फडकं थांबलं. ती उठली, माईच्या अगदी बाजूला गेली आणि हात वर धरला. "माई, मान न वळवता सांगा. माझी बोटं किती?"

माई समोरच बघत राहिली. "कुठली बोटं?"

मग माई हळू आवाजात म्हणाली, "सरळ समोर तेवढं दिसतं गं, तेही धूसर. बाजूचं सगळं गेलंय. सांगितलं असतं तर तुम्ही मला ओट्यापाशी उभं राहू दिलं नसतंत."

मुलगा खुर्चीवर बसला. "आणि मी तुला हट्टी म्हणत होतो," एवढंच तो म्हणाला.

डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. मी चक्रावले. काच तर माईने नको म्हटली होती, मग ती डोळ्यात कुठून शिरली? गेलेली नजर परत येणार नाही, पण रोज थेंब घातले तर आहे ती राखता येईल, असं घरातल्या बोलण्यातून समजलं.

भिंतीचा प्रश्न मग माईनेच सोडवला. सूनबाई तिला दुकानात घेऊन गेली. तिथे माईने डोळे मिटून टाइल्स चाचपल्या, तेव्हा दुकानदार म्हणे बघतच राहिला. तिने लहान, न चमकणाऱ्या, खोल सांध्यांच्या टाइल्स घेतल्या. शेगडीमागे मिस्त्रीने गडद निळ्या बसवल्या आणि शेगडी संपते तिथे एक उंचवट्याची उभी पट्टी दिली. माई अजून स्वयंपाक करते. सूनबाई तेवढी आसपास असते, पण हात घालत नाही.

आम्हाला छिन्नीने काढलं. बाकीच्यांचे तुकडे झाले, माझा फक्त कोपरा उडाला. आता मी खिडकीत आडवी आहे आणि माझ्यावर थेंबांची बाटली असते. मला मुद्दाम ठेवलंय की टाकायची राहून गेलेय, कोण जाणे.

रोज सकाळी मुलगा थेंब घालायला येतो. बाटली उचलतो, खाली ठेवतो, पुन्हा उचलतो.

"घाबरतोस काय असा? डोळा माझा आहे," माई म्हणते.

मित्रांनो, वस्तू जपा असं मी सांगणारच होते. पण मी तर इतकी वर्षं त्या हाताखाली राहूनही चुकले. म्हणून एवढंच सांगते. घरातलं कुणी प्रत्येक गोष्टीला नको नको म्हणू लागलं, तर जवळ बसून विचारा, "काय होतंय?" आणि विचारून लगेच उठून जाऊ नका. उत्तर यायला वेळ लागतो.