कान दिसू द्या

"झालं. पुढचे या," ताई म्हणाली, आणि मग तिच्याच लक्षात आलं की आज कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत ती स्वतःच बसली आहे.

मला हसू फुटलं. फोटोवाल्या बाईही हसल्या. ताई तेवढी हसली नाही.

माझी ताई कचेरीत ओळखपत्रांचे फोटो काढते. नोकरीला लागल्यापासून तेच. हनुवटी वर, तोंड मिटा, कान दिसू द्या, हसू नका, खटक्, पुढचे या. अख्ख्या गावाचे पडलेले चेहरे तुझ्या हातचे आहेत, असं मी तिला चिडवते.

या फोटोवाल्या बाईंची रीत निराळी. लांब वायरीचं, मुठीत मावेल एवढं बटण त्या समोरच्या बाईच्याच हातात देतात आणि आपण पडद्यामागे जाऊन बसतात. "ही मी, असं वाटेल तेव्हा दाबा," एवढंच सांगतात. घरात वर्षानुवर्षं टाकून बोलणं सोसलेल्या बायका त्यांच्याकडे येतात. आम्हाला त्यांचा पत्ता समुपदेशक बाईंनी दिला होता. नवऱ्याचं घर सोडून ताई माझ्याकडे आली त्याला वर्ष होत आलं, तरी अजून ती पाहुण्यासारखी वावरते. नळसुद्धा हळू सोडते. एक तरी फोटो असा निघावा की तो बघून तिनं म्हणावं, ही मी. एवढ्यासाठी मी तिला ओढत आणलं होतं.

भिंतीवर आधीच्या बायका होत्या. एक खदखदून हसत होती. दुसरीनं कपाळाला आठ्या घालून असं काही रोखून पाहिलं होतं, की समोरच्यानं गुपचूप वाट सोडावी. ताईनं त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं, केस कानांमागे सारले, पाठ ताठ केली. खटक्.

"जरा सैल बसा हो," पडद्यामागून आवाज आला.

"हो, हो," म्हणत ताई आणखीच ताठ झाली. खटक्. खटक्.

दाजींनी तिच्यावर कधी हात उगारला नाही. नातेवाईक हे अजूनही कौतुकानं सांगतात. हात कशाला लागतोय? ती हसली की, "एवढं काय घबाड मिळालं?" गप्प बसली की, "कोण मेलंय?" डोळे भरले की, "झालं नाटक सुरू?" सगळं जेवता जेवता, आवाज न चढवता. शेवटी ताईनं चेहऱ्यावर काही येऊ देणंच बंद केलं. आता नात्यातल्या बायका तिला विचारतात, या वयात एक सुरकुती नाही गं, लावतेस तरी काय? माझ्या अंगाची नुसती लाही लाही होते.

बाईंनी फोटो संगणकावर लावले. ढीगभर फोटो आणि एकच चेहरा. ताईनं वाकून एकेक तपासला.

"सगळे चालतील," ती म्हणाली. "एकही परत यायचा नाही."

"परत कोण पाठवतंय?" बाई म्हणाल्या. "यात तुम्ही कुठे आहात, ते सांगा."

ताईनं गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"अगं, तू हसायला लागलीस की तुला उचकी लागायची," मी म्हटलं. "बाबा म्हणायचे, हिला आवरा, नाहीतर मी शेजारी जेवायला जातो. आठवतंय ना?"

"उचकी तुला लागायची."

"मला नाही. तुला."

ताई विचार करत राहिली, अगदी मनापासून. मग मान हलवून म्हणाली, "नाही गं आठवत." ती काही लपवत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं.

ती बाईंकडे वळली. "तुम्हीच सांगा ना, कसा चेहरा करू? म्हणाल तसा करते."

बाईंनी तिच्या मुठीतून बटण हलकेच काढून घेतलं आणि वायर गुंडाळायला लागल्या. "आज राहू दे," त्या म्हणाल्या. "पुन्हा या. कितीही वेळा या."

"माझ्यामुळे तुमचा उगाच खोळंबा झाला," ताई म्हणाली.

रस्ताभर मी काहीबाही बडबडत होते आणि मनातल्या मनात दाजींना शिव्यांची लाखोली वाहत होते. त्यानं माझी ताई परत मिळणार होती थोडीच.

संध्याकाळी वाळलेले कपडे घेऊन आत आले, तर न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. ताई आरशासमोर उभी होती. दोन बोटांनी तिनं ओठांच्या कडा वर उचलून धरल्या होत्या. बोटं काढली की ओठ जागच्या जागी येत. तिनं पुन्हा उचलले, मान तिरकी करून पाहिलं, पुन्हा सोडले. मला तिथेच बसकण मारून रडावंसं वाटलं.

आरशात तिला मी दिसले. हात झटकन खाली आला आणि चेहरा कोरा झाला. माझ्यासमोर. तिच्या पाठच्या बहिणीसमोर.

"तुला आत यायचंय का?" तिनं विचारलं, आणि मला आरसा मोकळा करून देत भिंतीला चिकटून उभी राहिली.