माघारी न आलेला चिखल

रस्त्याला वरून ओरखडाही न काढता त्याच्या पोटाखालून पाण्याचा नळ न्यायचा होता. मशीन गल्लीच्या एका टोकाला, नळ निघणार दुसऱ्या टोकाला. भोक पडता पडता आत पातळ माती सोडायची. ती भोक सावरून धरते, खडे-वाळू पोटात घेते, माघारी येते आणि मशीनपुढच्या खड्ड्यात साचते; तिथून पंप तीच पुन्हा आत ढकलतो.

त्या खड्ड्याची राखण तिच्याकडे होती. मशीनवाला तिला चिखलताई म्हणायचा, मग सगळेच म्हणू लागले. आत गेलेलं माघारी येतंय ना, यावर तिनं डोळा ठेवायचा. खड्डा भरला की टँकर बोलवायचा. टँकर चिखल वस्तीबाहेर नेणार, तिथं त्यात भुसा कालवून तो घट्ट करणार, मगच टाकणार. गटारात थेंब सोडायचा नाही.

टँकरला सगळे हत्ती म्हणत. त्या दुपारी हत्तीनं सोंड खड्ड्यात बुडवली. करडा चिखल हलके हलके खाली बसू लागला, भिंतींवर ओल्या कडा उमटत गेल्या. ताई बघत होती आणि तिला बरं वाटत होतं. खड्डा मोकळा होत होता.

टँकरवाल्यानं सोंड वर काढली, टाकीच्या काचेकडे पाहिलं, पुन्हा खड्ड्याकडे पाहिलं.

"ताई, माझं पोट अर्धंही भरलं नाही. तुझा खड्डा मात्र तळाला गेलाय."

ताई खड्ड्याच्या काठाशी वाकली. हत्ती पीत होता, म्हणून खड्डा उतरताना तिला शंकाच आली नव्हती. हत्तीनं प्यायलं थोडंच. बाकीचं माघारी आलंच नव्हतं.

"पंप बंद करा," ती मशीनवाल्याला म्हणाली.

त्यानं बंद केला, कानातले बोळे काढले. "कधीपासून येत नाहीये?"

"हत्ती लावला होता, त्यामुळं..."

"म्हणजे माहीत नाही."

तिची नजर गल्लीवरून सरकत चालली होती. जमिनीत कोंडलेला चिखल वाट शोधतो. जुनी मोरी, तडकलेला पाइप, जिथं जमीन हळवी तिथं वर येतो. आणि गल्लीच्या मध्यावर तिचं घर. तळमजल्याची खोली, जुनी मोरी, घरात एकट्या सासूबाई. खुब्याचं हाड नुकतंच सांधलेलं, कालपरवाच वॉकर सोडून काठीवर आलेल्या. आणि हा चिखल म्हणजे साबणाहून निसरडा.

तिनं घरी लावलेला फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

ती निघाली, मागून टँकरवाला. वाटेतलं एकेक झाकण, एकेक पायरी ती बघत गेली. सगळं कोरडं. एरवी कोरडं दिसलं की हायसं वाटायचं. आज प्रत्येक कोरडी जागा तिला घराकडे ढकलत होती.

दार उघडलं. मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर करडी साय पसरली होती. मधोमध काठी पडलेली. पलंग रिकामा.

"आई?"

"ओरडू नकोस, आहे मी." स्वयंपाकघरात सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या, पाय पालथ्या पातेल्यावर. "तुझ्याआधी तुझं काम घरी पोचलं गं."

"फोन का नाही उचललात?"

"फोन पलंगावर, चिखल मधे. उडत जाऊ?" त्यांनी खुर्चीचे हात धरले. "थांब, येते."

"उठू नका." तिचा आवाज फाटला. "पाय खाली टेकवू नका."

"बादलीभर पाणी ओत, जाईल मोरीतून. मी तांब्याभर ओतलं होतं."

"पाण्यानं आणखी निसरडा होतो. आणि मोरीत बसला तर गल्ली तुंबेल. घमेल्यात भरायचा."

टँकरवाला उंबऱ्याबाहेर उभा होता. काही न विचारता तो माघारी पळाला आणि हत्तीवरचं भुशाचं पोतं खांद्यावर घेऊन आला. ताई भुसा मुठीमुठीनं टाकत निघाली. उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत पायवाट झाली, लाकडाच्या वासाची.

"हे कधी सुरू झालं, आई?"

"जेवून ताट घासत होते. मोरीत बुडबुडा आला. वाटलं, पाणी तुंबलं असेल. मग मऊ मऊ वर यायला लागलं, तशी बसले इथं."

जेवणानंतर. म्हणजे हत्तीची सोंड बुडाली, त्याच्याही आधीपासून. तिनं मशीनवाल्याला फोन लावून तेवढंच सांगितलं. त्यानं विचारलं, "मोरीतून अजून येतंय?"

"बघून सांगते."

मोरी तिच्या पाठीमागं होती. पण सासूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि पाऊल पातेल्यावरून उचललं होतं. टँकरवाल्यानं दुसरी बाजू धरली. "बाई, हत्तीवर बसवून नेऊ का?"

"आधी तुझ्या हत्तीला धू, मग बोलव."

पाऊल भुशावर टेकलं. भुसा जरा दबला, करडं पाणी कडेनं वर आलं. ताईनं श्वास रोखला. पाऊल थांबलं, डगमगलं, ठरलं. मग दुसरं.

खिशात फोन वाजू लागला. तो वाजत राहिला. या खेपेला तिनं पावलांवरचा डोळा हलवला नाही.